शंकरपटाच्या यांत्रिक खेळात छकडा धावत असताना कंचा मोजला जात नाही, मार्गदर्शन हवे

प्रश्न
तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, इलेक्ट्रॉनिक्स शाखा, जिल्हा अमरावती

नमस्कार. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात या सत्रात मेकॅट्रॉनिक्स (यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड) या विषयासाठी प्रत्येक गटाने एक खेळ तयार करायचा आहे. गटात आम्ही चौघे आहोत: दोघे यंत्र शाखेचे, एक संगणक शाखेचा आणि मी. मॅडमनी दोन अटी घातल्या आहेत. खेळातील मुख्य हालचाल डोळ्यांसमोर, खऱ्या वस्तूंची झाली पाहिजे, आणि ज्याने तो खेळ कधी पाहिलेला नाही त्यालाही फारसे न सांगता तो खेळता आला पाहिजे.

आमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे आम्ही त्याचाच खेळ करायचे ठरवले. दोन खेळाडू शेजारी शेजारी उभे राहतात. प्रत्येकासमोर प्लायवूडची, पुढच्या बाजूला किंचित चढ असलेली फळी आहे आणि तिच्या वरच्या टोकाला १, २ आणि ३ गुणांची तीन छिद्रे आहेत. खेळाडूने काचेचा कंचा, म्हणजे गोटी, घरंगळत सोडायचा. तो ज्या छिद्रात पडेल तितके गुण त्याचा छकडा (हलकी बैलगाडी) पुढे सरकतो. कंचा उतारावरून आपोआप खेळाडूच्या हाताशी परत येतो. छकड्यांना तान्ह्या पोळ्याला मिळतात तसले लहान लाकडी नंदी जुंपले आहेत. धावपट्टी १२०० मिमी लांब असून स्लायडिंग खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीत त्याच खिडकीची चाके बसवून आम्ही छकडे फिरते केले आहेत. नेमा १७ आकाराच्या दोन स्टेपर मोटारी (स्टेप म्हणजे लहान ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या), त्यांना चालवणारे ए४९८८ ड्रायव्हर, २ मिमी दात्यांचा बेल्ट आणि २० दात्यांची पुली अशी रचना असल्यामुळे पुलीचा एक फेरा म्हणजे बरोबर ४० मिमी होतात. तेव्हा एका गुणाला एक फेरा आणि ३० गुणांना शर्यत पूर्ण, असा हिशेब ठेवला आहे. सगळे आर्डुइनो उनो या एका लहान, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर चालते.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. छकडा धावत असताना दुसरा कंचा छिद्रात पडला, तर त्याची नोंद बहुधा होत नाही. कंच्याने किरण अडला की नोंद करणारे छिद्रांखालचे जे इन्फ्रारेड सेन्सर प्रयोगशाळेत बऱ्यापैकी चालतात तेच व्हरांड्यात दुपारी मुळीच भरवशाचे राहत नाहीत. शर्यत संपल्यावर छकडे परत आणले की ते आरंभरेषेवर नेमके थांबत नाहीत. दर डावाला थोडा फरक पडत जातो. आणि सुरुवातीचा झेंडा खाली पाडणारी छोटी सर्व्हो मोटार (सांगितलेल्या कोनात फिरणारी) फिरली की कधी कधी संपूर्ण बोर्डच नव्याने सुरू होतो.

या सगळ्याला कंटाळून गटातील दोघांचे म्हणणे असे पडले आहे, की छकडे पडद्यावर दाखवावेत आणि खाली फक्त बटणे ठेवावीत. मला ते पटत नाही, परंतु सादरीकरण जवळ आले आहे आणि माझ्याकडे हट्टाशिवाय दुसरे उत्तर नाही. त्याआधी आम्हाला हा खेळ जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांकडून खेळवूनही पाहायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
एम्बेडेड प्रणालींचे काम करणारा, नागपूर. मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात

ताई, पडद्याकडे वळण्याची गरज नाही. तुम्ही लिहिलेली पहिली अडचण कोडची आहे आणि ती पूर्णपणे सुटण्यासारखी आहे.

मोटारीला स्टेप देण्यासाठी तुम्ही बहुधा असा लूप लिहिला असेल, की ठरलेल्या स्टेप पूर्ण होईपर्यंत प्रोसेसर त्यातून बाहेरच येत नाही. तीन गुण मिळाले की छकडा तीन फेरे जातो. सेकंदाला दोन फेरे धरले तर त्याला दीड सेकंद लागतो. तेवढा वेळ बोर्ड सेन्सरकडे पाहतच नाही. आता कंचा किती वेळ दिसतो ते काढून पाहू. छिद्रापासून सेन्सर १० सेंमी खाली असेल, तर तिथे पोहोचताना कंच्याचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर असतो. कंचा १६ मिमी व्यासाचा धरला तर तो किरणासमोरून अवघ्या ११ मिलिसेकंदांत निघून जातो. दीड सेकंद पाठ फिरवून बसलेल्या बोर्डला तो दिसण्याची शक्यताच राहत नाही.

उपाय असा, की कोडमध्ये वाट पाहणारी एकही ओळ ठेवू नये. डिले, म्हणजे नुसते थांबवून ठेवणारी आज्ञा, पूर्णपणे काढून टाकावा आणि वेळ मोजायला मिलिस, म्हणजे बोर्डचे मिलिसेकंदांचे घड्याळ, वापरावे. मोटारीसाठी अ‍ॅक्सेलस्टेपर ही लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी. तिच्यात रन हे फंक्शन मुख्य लूपच्या प्रत्येक फेरीत बोलवायचे असते. ते स्टेपची वेळ झाली असेल तर एक स्टेप देते आणि लगेच परत येते. म्हणजे मोटार फिरत राहते आणि मधल्या वेळात सहाही सेन्सर वाचून होतात. लूपची एक फेरी एका मिलिसेकंदाच्या आत पूर्ण होत असेल, तर ११ मिलिसेकंदांचा कंचा सुटणार नाही आणि इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम मधेच थांबवून संकेत घेण्याच्या सोयीच्या, वाटेला जाण्याचेही कारण पडणार नाही. उनोवर बाह्य इंटरप्टच्या पिना दोनच आहेत, २ आणि ३. तुमचे सेन्सर सहा आहेत, म्हणूनही ही साधी वाट बरी.

मात्र इथे एक गाठ आहे. ए४९८८ वर तुम्ही १/१६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे सोळा भाग) ठेवले असतील, तर एका फेऱ्याला २०० ऐवजी ३२०० स्टेप लागतात आणि सेकंदाला दोन फेरे म्हणजे एका मोटारीला ६४०० स्टेप होतात. उनोसारख्या १६ मेगाहर्ट्झच्या बोर्डवर ही लायब्ररी सेकंदाला साधारण ४००० स्टेपपर्यंतच भरवशाने चालते, आणि तुमच्या दोन मोटारी त्यातच वाटेकरी आहेत. त्यामुळे १/४ वर या. मग एका मोटारीला १६०० आणि दोन्ही मिळून ३२०० स्टेप होतील. आवाज किंचित वाढेल. शंकरपटाच्या खेळात तो खटकणार नाही असे मला वाटते.

गुण दाखवायला १६ अक्षरी एलसीडी लावली असेल, तर तिच्याकडेही लक्ष द्या. प्रत्येक फेरीत पाटी पुसून नव्याने लिहिली तर कित्येक मिलिसेकंद त्यातच जातात, कंचे सुटतात आणि छकडाही अडखळत चालतो. गुण बदलला तरच लिहा आणि तेवढाच आकडा लिहा. आणि एक कंचा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नोंद झाल्यावर तोच सेन्सर ३०० मिलिसेकंद बधिर ठेवा. खेळाडूकडे एका वेळी एकच कंचा असल्यामुळे त्यात कोणाचे नुकसान होत नाही.

गुण मिळाले की सरळ मोटार हलवू नका. गुण एका चलात जमा करा आणि छकड्याचे गंतव्य तेवढे पुढे ढकला. छकडा आपल्या गतीने तिथे पोहोचेल. मोजणे आणि धावणे ही दोन कामे अशी वेगळी ठेवलीत, तर चाचणीही वेगवेगळी घेता येते: मोटारीचा पुरवठा बंद ठेवून केवळ मोजणी तपासावी, आणि नंतर कंच्याऐवजी संगणकावरून गुण पाठवून केवळ धाव तपासावी.

उत्तर २
आयटीआयमधून निवृत्त निदेशक, जिल्हा वर्धा

वरील उत्तरात कोडविषयी जे सांगितले आहे ते योग्य आहे. तथापि, तुमच्या सेन्सरचा दोष कोडने जाणार नाही, कारण तो वस्तूचा आणि जागेचा दोष आहे.

काचेचा कंचा इन्फ्रारेड प्रकाश अडवत नाही. तो भिंगासारखा वागतो. किरण कंच्याच्या मधोमध गेला तर पलीकडच्या, प्रकाश ओळखणाऱ्या फोटोडायोडवर तो कधी अधिकच एकवटतो, कडेने गेला तर वळून बाजूला पडतो. आतल्या रंगीत पाकळ्या आडव्या आल्या तरच तो नीट अडतो. त्यामुळे एकच कंचा एकदा मोजला जातो आणि एकदा जात नाही. हे तुम्हाला स्वतः पाहता येईल. कंचा बोटांत धरून किरणासमोर सावकाश फिरवा आणि सेन्सरच्या पट्टीवरचा लहान दिवा पाहा. कंचा जागेवरच असताना दिवा लागेल आणि विझेल.

कंच्यांना रंग लावू नये, तो फळीवर घासून दोन दिवसांत उडतो. त्याऐवजी बेअरिंगचे छर्रे घ्यावेत. सायकलच्या दुकानातले छर्रे फारच लहान पडतील. ट्रॅक्टर आणि ट्रकची दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजमध्ये काढून टाकलेल्या मोठ्या बेअरिंगमध्ये मोठे छर्रे मिळतात, आणि विकत घ्यायचे झाल्यास ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी, हे प्रमाण माप आहे. तुमची छिद्रे त्याला तशीच चालतील. १६ मिमी काचेचा कंचा साधारण ५ ग्रॅमचा असतो, तेवढाच पोलादी छर्रा जवळजवळ १७ ग्रॅमचा. वजन वाढल्याने तो सरळ घरंगळतो आणि फळीच्या बारीक खडबडीमुळे दिशा बदलत नाही, म्हणजे खेळही अधिक कौशल्याचा होतो. पडतो तिथे मात्र जाड रबर किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा, अन्यथा प्लायवूडला खड्डे पडतील.

व्हरांड्यातील दोषाचे कारण ऊन आहे. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो आणि विदर्भातील दुपारचा उजेड भिंतीवरून परावर्तित होऊन आला तरी फोटोडायोडला भारी पडतो. त्याला किरण तुटला हे कळतच नाही. सोपा उपाय असा, की प्रत्येक छिद्राखाली वायरिंगच्या २५ मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा लावावा, तो आतून मंद काळ्या रंगाने रंगवावा आणि सेन्सरसाठी समोरासमोर दोन बारीक भोके पाडून एलईडी व फोटोडायोड त्यात खोल बसवावेत. उजेड वरून येतो, म्हणून सेन्सर पाइपच्या तळाजवळ असावा. एवढ्याने बहुतेक काम होते. त्याउपरही दोष राहिला तर ३८ किलोहर्ट्झवर चमकणारा एलईडी आणि टीएसओपी १७३८ हा ग्राहक (संकेत घेणारा रिसीव्हर) वापरता येईल, परंतु तो ग्राहक अखंड चालणाऱ्या संकेताला हळूहळू दाबून टाकतो. त्याला संकेत तुटक तुटक द्यावा लागतो आणि तुमचा कोड वाढतो. मी आधी पाइपच करीन.

आता छकडे आरंभरेषेवर का थांबत नाहीत ते पाहू. मोटारीचा दांडा आणि पुली यांच्यावर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा आणि पाचसहा डाव खेळा. रेघ तुटलेली दिसली तर पुलीला दांड्यावर आवळणारा ग्रब स्क्रू ढिला आहे. तो दांड्याच्या चपट्या बाजूवर यायला हवा, गोल बाजूवर आलेला असेल तर कितीही आवळला तरी सुटतो. रेघ अखंड असून छकडा चुकत असेल, तर मोटार स्टेप गमावत आहे. छकडा एकदम पूर्ण वेगाने सुटतो का, ते तपासा. वेग हळूहळू वाढवला पाहिजे, आणि आपल्या नंदीच्या जोडीसह छकड्याचे वजन किती होते तेही पाहा. तान्ह्या पोळ्याचे काही नंदी भरीव लाकडाचे आणि चांगलेच जड असतात.

ड्रायव्हरचा प्रवाहही मोजून लावावा लागतो, स्क्रू अंदाजाने फिरवू नये. ए४९८८ मध्ये त्या स्क्रूने लावायचे संदर्भ व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले ८ गुणिले सेन्स रोधक (पट्टीवरचा प्रवाह मोजणारा रोधक). रोधकावर आर१०० छापले असेल तर तो ०.१ ओहमचा आहे, म्हणजे ०.८ अँपिअरसाठी ०.६४ व्होल्ट. काही पट्ट्यांवर आर०५० किंवा आर०६८ असतो, तिथे हिशेब बदलतो. भिंग घेऊन वाचावे. प्रत्येक ड्रायव्हरच्या मोटार-पुरवठ्यावर अगदी जवळ १०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर असावा आणि वीज चालू असताना मोटारीची वायर कधीही काढू नये; ड्रायव्हर जळण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

एवढे सगळे केल्यावरही आरंभरेषेवर छकडा टेकताच दाबला जाणारा एक मायक्रोस्विच बसवावाच. प्रत्येक डावाआधी छकडा सावकाश मागे यावा, स्विच दाबला जावा आणि तिथून शून्य धरावे. मग मधे कोणी हाताने छकडा ढकलला तरी पुढचा डाव बिघडत नाही. आणि लहान मुले तो ढकलणारच.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. कोड वेगळा करून लिहिल्यावर छकडा धावत असतानाची मोजणी सुधारली आहे, आणि कंचा किरणासमोर फिरवून पाहिला तेव्हा सरांनी सांगितल्याप्रमाणे दिवा खरोखरच लागत-विझत होता. गॅरेजमधून छर्रे मिळाले आहेत. पुलीवरची रेघ एका बाजूला तुटली, दुसऱ्या बाजूला अखंड राहिली; म्हणजे आमच्याकडे दोन्ही दोष होते.

झेंड्याची अडचण मात्र तशीच आहे. बोर्डला १२ व्होल्टचा अडॅप्टर दिला आहे आणि सर्व्होला बोर्डवरील ५ व्होल्टची पिन. शिवाय शाळेत जाऊन खेळ लावायचा तर तिथे दिवसा वीज असेल याची खात्री नाही. इन्व्हर्टर नेणे आम्हाला परवडणार नाही.

उत्तर ३
फवारणी पंप आणि कृषिपंप दुरुस्ती, जिल्हा यवतमाळ

सर्व्हो बोर्डच्या पिनेवरून काढून टाका. ती सुरू होताना किंवा अडकताना एकदम अर्धा-पाऊण अँपिअर ओढते. बोर्डवरचा रेग्युलेटर १२ चे ५ व्होल्ट करताना आधीच तापलेला असतो, तेवढा ओढा त्याला सोसत नाही, व्होल्टेज खाली जाते आणि बोर्ड नव्याने सुरू होतो. व्होल्टेज कमी करणारी एलएम२५९६ ची तयार पट्टी घ्या, तिच्यावर ५ व्होल्ट मीटरने मोजून लावा आणि सर्व्हो तिच्यावरून चालवा. ग्राउंड (ऋण जोडणी) मात्र सगळ्यांचे एकत्र जोडलेले असले पाहिजे, नाहीतर सर्व्होला संकेत कळणार नाही. मोटारीची ग्राउंड वायर बॅटरीपर्यंत स्वतंत्र न्या. सेन्सरच्या ग्राउंडमधून मोटारीचा प्रवाह जाता कामा नये. सेन्सरच्या वायरी मोटारीच्या वायरींसोबत एकाच जुडग्यात बांधल्या असतील तर त्या सोडवा.

विजेसाठी दूर जायला नको. तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी कपाशीवर फवारणीचा बॅटरीचा पंप असेलच. त्यात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी असते आणि चार्जरही सोबत मिळतो. दोन मोटारी, सर्व्हो आणि पाटी मिळून सरासरी दीड अँपिअर धरले तर कागदावर ती पाच तासांहून अधिक चालते. अशी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून अडीच तास धरा. जुनी बॅटरी त्याहून कमी देईल, ते आदल्या दिवशी लावून पाहा. छकडा थांबलेला असताना ड्रायव्हरच्या एनेबल पिनेने मोटारीचा प्रवाह बंद ठेवला तर मोटारी तापणार नाहीत आणि बॅटरीही वाचेल. धावपट्टी सपाट आहे, छकडा आपोआप मागे येणार नाही.

फ्यूज विसरू नका. ही बॅटरी लहान दिसते, परंतु दोन टोके एकमेकांना लागली तर वायर लाल होते. मोटारसायकलचा फ्यूज-होल्डर आणि ५ अँपिअरचा फ्यूज धन टोकापासून वीतभर अंतरातच लावा. जोडणीचा प्लग एकाच बाजूने बसणारा घ्या. शाळेच्या अंगणात घाईने उलटी जोडणी झाली तर दोन्ही ड्रायव्हर आणि बोर्ड एका क्षणात जातील आणि तिथून बदली भाग मिळवायला अमरावती किंवा नागपूर गाठावे लागेल. ए४९८८ च्या दोन जादा पट्ट्या आजच मागवून ठेवा.

उत्तर ४
मेकॅट्रॉनिक्स शिकवणारी प्राध्यापिका, विदर्भ

तुमच्या गटातील मतभेदाविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. पडद्यावर छकडे दाखवू इच्छिणाऱ्या दोघांचे म्हणणे आळसाचे समजू नका. त्यांना काम वेळेत पूर्ण व्हावे असे वाटते आणि ती काळजी रास्त आहे. परंतु हा विषय अभ्यासक्रमात ज्यासाठी ठेवलेला असतो, ते सगळे तुम्ही पहिल्या प्रश्नात अडचण म्हणून लिहिले आहे: उजेडाने फसणारा सेन्सर, दांड्यावर घसरणारी पुली, सर्व्होच्या ओढ्याने कोसळणारे व्होल्टेज. पडद्यावर गेलात तर यांतील एकही गोष्ट तुमच्या वाट्याला येणार नाही, आणि बटणे दाबून सरकणारे चित्र मुलांनी मोबाइलवर याहून सुबक पाहिलेले असते. मायक्रोप्रोसेसर येण्यापूर्वीचे पिनबॉलसारखे खेळ रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) आणि पायरीपायरीने फिरणाऱ्या स्विचांवर गुण मोजत असत. खेळणाऱ्याला घंटा ऐकू येई, आकड्याचे चाक फिरताना दिसे, आणि गुण कशामुळे मिळाला हे त्याला सांगावे लागत नसे. तुमच्या खेळातही तेच व्हायला हवे. छर्रा पडला, की त्याच क्षणी काहीतरी घडले पाहिजे. वेग हळूहळू वाढवत नेल्यामुळे छकडा निघायला किंचित उशीर होणार असेल, तर छर्रा पडताच त्या छिद्राजवळचा दिवा लागू द्या. मग तो उशीर कोणाला जाणवणार नाही.

खेळाच्या न्यायाविषयी एक गोष्ट आताच ठरवा. ३० गुण आधी कोणाचे झाले, की छकडा अंतिम रेषेवर आधी कोणाचा पोहोचला? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एका खेळाडूचे गुण पूर्ण झाले असतील, पण त्याचा छकडा अजून तीन फेरे दूर असेल, आणि तेवढ्यात दुसऱ्याचा छकडा रेषेला लागेल. कोडने पहिल्याला विजयी ठरवले तर पाहणारे सगळे तक्रार करतील, आणि त्यांची तक्रार बरोबर असेल, कारण त्यांनी डोळ्यांनी दुसराच निकाल पाहिलेला आहे. माझे मत असे, की निकाल अंतिम रेषेवरच्या स्विचने द्यावा. पाहणाऱ्याला जे दिसते तेच खेळात खरे असले पाहिजे.

त्याच जागी दुसरी अडचण आहे. २९ गुण असताना कोणी ३ गुणांचे छिद्र मारले तर हिशेबाने ३२ होतात आणि छकडा रेषेच्या ८० मिमी पुढे जाऊ पाहतो. तिथे फळीचे टोक असेल तर धडक बसते, बेल्ट दाते सोडतो आणि पुढचे सगळे बिघडते. कोडमध्ये गंतव्याला मर्यादा घाला किंवा रेषेपुढे शंभर मिमी मोकळी जागा ठेवा. शक्य असल्यास दोन्ही करा. पटातही जोडी रेषेवर थांबत नसते, त्यामुळे थोडी पुढे जाऊन थांबलेली शोभूनही दिसेल.

शाळेतील चाचणीसाठी तोंडी सूचना देऊ नका. चौघांपैकी एकाने फक्त लिहून घ्यावे: मूल कुठे अडले, कोणत्या बाजूने छर्रा सोडू लागले, किती वेळाने कंटाळले. सरासरी दीड गुण आणि पाच सेकंदांना एक छर्रा धरला तर तुमचा डाव साधारण १ मिनिट ४० सेकंदांचा होतो. रांगेत उभ्या असलेल्या मुलांसाठी ते योग्य आहे. तिसरी-चौथीतील मुलांना नेहमीचे टेबल उंच पडेल, म्हणून फळी बाकावर ठेवता येईल अशी करा. आणि सादरीकरणाच्या अहवालात सेन्सरची चाचणी आकड्यांत द्या: प्रत्येक छिद्रात १०० छर्रे सोडून किती मोजले गेले, हे सावलीत आणि व्हरांड्यात वेगवेगळे. परीक्षक सुबक चित्रांपेक्षा तो तक्ता आधी पाहतात.

उत्तर ५
जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, धामणगाव रेल्वे परिसर

तळेगाव दशासरचा शंकरपट ज्या भागात भरतो त्याच भागात मी शिकवतो, म्हणून विषयाला धरून दोन गोष्टी सुचवतो. विदर्भातील पटात जोडीचा वेळ घड्याळावर नोंदवला जातो आणि लोक नंतर कित्येक दिवस सेकंदांच्या भाषेतच बोलतात. तुमच्या खेळात झेंडा पडल्यापासून रेषेवरच्या स्विचपर्यंतचा वेळ मोठ्या आकड्यांत दाखवला, तर हरलेले मूलही आपला वेळ सुधारण्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहील. आरंभाचा झेंडा आणि शेवटचा स्विच तुमच्याकडे आहेतच, तेव्हा त्यासाठी नवीन सेन्सर लागणार नाही. एकटे मूल आले तरी त्याला घड्याळाविरुद्ध खेळता येईल.

दुसरे असे, की छकड्याचा वेग वाढवण्यासाठी तुतारीचे (बैलाला टोचायच्या काठीचे) किंवा चाबकाचे बटण ठेवण्याची कल्पना कोणाच्या मनात आली असेल, तर ती सोडून द्यावी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली ती बैलांच्या छळाच्या प्रश्नावरूनच. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. ज्या गावांनी हा सगळा काळ पाहिला आहे, तिथल्या मुलांच्या हातात मारण्याचे बटण देऊ नये. तुमच्या खेळात धुरकऱ्याचे (छकडा हाकणाऱ्याचे) कौशल्य छर्रा नेमका सोडण्यात आहे, तेच राहू द्या.

शाळेत यायचे असेल तर सकाळी प्रार्थनेनंतर या. तेव्हा व्हरांडा सावलीत असतो. मात्र सरांनी सांगितलेली पाइपची चाचणी घेण्यासाठी मधल्या सुट्टीपर्यंत थांबा, कारण त्या वेळी ऊन थेट ओट्यावर येते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची उत्तरे गटासमोर वाचून दाखवली. निकाल रेषेवरच्या स्विचनेच द्यायचा आणि घड्याळ मोठे दाखवायचे, यावर चौघांचेही एकमत झाले. तुतारीच्या बटणाची सूचना आमच्यात खरोखरच झाली होती. ती रद्द केली आहे. पडद्याचा आग्रह धरणाऱ्या दोघांनी घड्याळाच्या पाटीचे आणि छिद्रांजवळच्या दिव्यांचे काम स्वतःहून घेतले आहे. यंत्र शाखेतील एकाच्या घरचा फवारणी पंप सध्या रिकामा आहे, त्याची बॅटरी मिळेल.

एक शंका राहिली. घड्याळासाठी सात खंडांचे मोठे चार अंक थेट उनोला जोडले तर पिना पुरत नाहीत. मोटारी आणि घड्याळ दुसऱ्या बोर्डवर न्यावेत का?

उत्तर १ देणारे

घड्याळासाठी वेगळा बोर्ड नको. टीएम१६३७ ची चार अंकी पट्टी दोनच पिनांवर चालते. तिचे अंक लहान वाटले तर मॅक्स७२१९ ची पट्टी घ्या, तिला तीन पिना लागतात आणि दुरून वाचता येईल अशी रचना करता येते. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागाला एकदाच बदला, म्हणजे लूपवर भार पडणार नाही. अंतिम वेळ मात्र स्विच दाबला गेला त्या क्षणीच्या मिलिसवरून काढा, पाटीवर त्या वेळी दिसणाऱ्या आकड्यावरून नको.